पडद्याची नक्कल : घेण्याची रीत आणि जपण्याची शिस्त

नक्कल हा शब्द आपल्या घरांत जुना आहे. तलाठ्याकडून सातबाराची नक्कल आणणे, कोर्टातून निकालाची नक्कल काढणे, शाळेतून दाखल्याची दुसरी प्रत मिळविणे ही कामे आपल्या वाडवडिलांनी पायपीट करून केलेली आहेत. खानदेशातून सुरतेस येऊन उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत स्थायिक झालेल्या कुटुंबांच्या पेटीत कपड्यांच्या तळाशी अशा नकलांचे एक पुडके हमखास असे. मूळ कागद सरकारच्या दप्तरात, आणि आपल्या हाती त्याची नक्कल; या नकलेच्या आधारावरच घर, शेत आणि शिक्षण यांचे व्यवहार चालत.

आज ते दप्तरच लॅपटॉपच्या पडद्यावर आले आहे. मुलाच्या शिष्यवृत्तीचा अर्ज ‘डिजिटल गुजरात’ या सरकारी संकेतस्थळावर भरला जातो, गावाकडील जमिनीचा उतारा ‘महाभूलेख’वर दिसतो, रेल्वेचे तिकीट, विजेचे बिल, बँकेचा भरणा हे सर्व पडद्यावर उमटते आणि क्षणात नाहीसेही होते. अर्ज पाठविल्यावर जो क्रमांक झळकतो तो टिपून न घेता खिडकी बंद केली, तर पुढे कचेरीत विचारावे तरी कशाच्या आधारे? म्हणून पडद्यावर जे दिसते त्याची त्याच क्षणी नक्कल घेण्याची विद्या घरातील प्रत्येकास, विशेषतः गृहिणींस व वडीलधाऱ्यांस, अवगत असावी. ती मुळीच अवघड नाही. मात्र ती घ्यावी कशी, ठेवावी कोठे, आणि तिच्यावर विश्वास किती टाकावा, या तिन्ही गोष्टी एकत्र शिकल्या पाहिजेत. प्रस्तुत लेखाचा हेतू एवढाच आहे.

नाव आणि पूर्वपीठिका

या नकलेस सर्वत्र स्क्रीनशॉट म्हणतात. हा शब्द आता मराठीत रुळला आहे, तेव्हा तोच वापरण्यास हरकत नाही. संगणकाच्या पडद्याची प्रत घेण्याची सोय नव्हती त्या काळी लोक पडद्यासमोर कॅमेरा उभा करून छायाचित्र काढीत. १९८१ साली आयबीएम कंपनीने आपला घरगुती संगणक बाजारात आणला, त्याच्या कळफलकावर ‘प्रिंट स्क्रीन’ अशी एक कळ होती. ती शिफ्ट या कळीसह दाबली की पडद्यावरील मजकूर जोडलेल्या छपाईयंत्राकडे जाई आणि कागदावर उतरे. म्हणजे ही कळ नावाप्रमाणे खरोखरच पडदा छापीत असे. पुढे कागद मागे पडला. कळीचे नाव तेच राहिले. आज ती दाबल्याने कागद निघत नाही, चित्र निघते.

विंडोजच्या लॅपटॉपवर

आपल्याकडील बहुतेक लॅपटॉप विंडोज या प्रणालीवर चालतात. कळफलकाच्या वरच्या ओळीत, उजव्या बाजूस, ‘प्रिंट स्क्रीन’ या नावाचे संक्षिप्त रूप असलेली कळ शोधावी. लहान लॅपटॉपांत जागा कमी असल्यामुळे एकाच कळीवर दोन कामे सोपविलेली असतात. अशा वेळी खालच्या ओळीत डावीकडे असलेली ‘एफएन’ ही कळ धरून मग प्रिंट स्क्रीन दाबावी लागते. आता रीती पाहू.

पहिली रीत : विंडोजचे चिन्ह असलेली कळ दाबून धरावी आणि प्रिंट स्क्रीन दाबावी. पडदा क्षणभर मंद होतो. नक्कल निघाल्याची ती खूण होय. चित्र ‘पिक्चर्स’ या फोल्डरमधील ‘स्क्रीनशॉट्स’ या पोटफोल्डरात आपोआप जाऊन बसते. नवशिक्यास ही रीत सर्वांत चांगली, कारण यात जपून ठेवण्याचे काम यंत्रच करते.

दुसरी रीत : विंडोजची कळ, शिफ्ट आणि एस ही इंग्रजी अक्षराची कळ, अशा तिन्ही एकत्र दाबाव्या. पडदा धूसर होतो आणि वरच्या कडेस एक लहानशी पट्टी येते. माऊसने किंवा बोटाने एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत ओढत नेले की तेवढाच चौकोन टिपला जातो. मन बदलले तर ‘एस्केप’ दाबून परत फिरावे. पानावर आपल्या कामाचा भाग थोडा आणि जाहिराती पुष्कळ असतील, किंवा शेजारी दुसरे खाजगी पत्र उघडे असेल, तेव्हा हीच रीत वापरावी.

तिसरी रीत : ‘ऑल्ट’ ही कळ धरून प्रिंट स्क्रीन दाबावी. जी खिडकी पुढे उघडी असेल तेवढीच टिपली जाते. मागचा पसारा येत नाही.

केवळ प्रिंट स्क्रीन दाबली तर काय होते? जुन्या यंत्रांत संपूर्ण पडद्याचे चित्र ‘क्लिपबोर्ड’ नावाच्या तात्पुरत्या जागेत जाते; विंडोज ११ च्या अलीकडील आवृत्त्यांत दुसऱ्या रीतीतील धूसर पडदा उघडतो. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावयाची. क्लिपबोर्ड म्हणजे दुकानदाराची पाटी; नवा हिशेब मांडला की जुना पुसला गेला. तेथे गेलेले चित्र ‘पेंट’ किंवा ‘वर्ड’ उघडून, कंट्रोल आणि व्ही या कळा दाबून उतरवावे लागते आणि मग नाव देऊन साठवावे लागते. ऑल्टची रीत अशाच पाटीवरची आहे. दुसऱ्या रीतीत विंडोज ११ ची नवी आवृत्ती चित्र आपोआप साठविते, पण विंडोज १० ते पाटीवरच ठेवते. पुष्कळ लोक नक्कल घेतल्याच्या समाधानात यंत्र बंद करतात आणि दुसऱ्या दिवशी शोधू लागतात, त्याचे कारण हे होय.

काही गोष्टी कळ दाबताच मिटून जातात; उदाहरणार्थ, माऊस ठेवल्यावर उघडणारी यादी. त्यासाठी ‘स्निपिंग टूल’ हा विंडोजबरोबरच येणारा कार्यक्रम उघडावा. त्यात काही सेकंदांचा अवकाश ठरवून देता येतो. विंडोज ११ मध्ये तो ३, ५ किंवा १० सेकंदांचा असतो. तेवढ्या वेळात यादी उघडून ठेवावी, चित्र आपोआप निघते.

मॅक व इतर यंत्रे

ॲपल कंपनीच्या मॅक लॅपटॉपवर प्रिंट स्क्रीन ही कळच नाही. तेथे कमांड, शिफ्ट आणि ३ दाबल्यास संपूर्ण पडदा, कमांड, शिफ्ट आणि ४ दाबल्यास ओढून निवडलेला भाग टिपला जातो. ४ दाबल्यानंतर शब्दांमध्ये जागा सोडण्याची लांब कळ दाबून एखाद्या खिडकीवर टिचकी मारली, तर तेवढी खिडकी येते. २०१८ साली आलेल्या मोहावे या आवृत्तीपासून कमांड, शिफ्ट आणि ५ दाबल्यास सर्व पर्यायांची पट्टी उघडते. ही चित्रे सामान्यतः समोरच्या मुख्य पडद्यावरच, तारीखवेळेच्या नावाने, ठेवली जातात.

लिनक्सची उबुंटू ही प्रणाली असेल तर २०२२ पासूनच्या आवृत्त्यांत प्रिंट स्क्रीन दाबताच निवडीची चौकट येते. मुलांच्या शिक्षणासाठी घेतलेले क्रोमबुक असेल तर कंट्रोल कळीसह वरच्या ओळीतील खिडक्या दाखविणारी कळ दाबावी.

पान लांब असेल तेव्हा

बँकेचे विवरण किंवा भरलेला अर्ज पुष्कळदा पडद्यापेक्षा लांब असतो. त्याचे पाच तुकडे टिपून ठेवणे म्हणजे पोथीची पाने सुटी करून ठेवण्यासारखे आहे. अशा वेळी कंट्रोल आणि पी दाबून छपाईची चौकट उघडावी आणि छपाईयंत्राच्या नावाऐवजी ‘सेव्ह ॲज पीडीएफ’ हा पर्याय निवडावा. संपूर्ण पान एका फाईलीत उतरते. फायरफॉक्स आणि एज या दोन ब्राउझरांत कंट्रोल, शिफ्ट आणि एस दाबल्यास पूर्ण पानाचे चित्र घेण्याचीही सोय आहे. आणि जेथे संकेतस्थळच पावती उतरवून घेण्याची कळ देते, तेथे आधी ती पावती घ्यावी. स्क्रीनशॉट हा तिचा जोडीदार, तिची जागा घेणारा नव्हे.

नाव, तारीख आणि जागा

विंडोजच्या पहिल्या रीतीने निघालेल्या चित्रांस यंत्र केवळ अनुक्रमांक देते. अशी दोनशे चित्रे साठली की हवे ते सापडणे कठीण. म्हणून त्याच दिवशी नाव बदलावे. नावात प्रथम वर्ष, मग महिना, मग दिवस आणि शेवटी विषय असा क्रम ठेवला, तर यादी आपोआप तारखेनुसार लागते; जसे ‘२०२५-०७-१४ शिष्यवृत्ती अर्ज क्रमांक’. घरातील प्रत्येक व्यक्तीचे निराळे फोल्डर करावे.

चित्र घेताना आणखी दोन गोष्टी त्यात याव्यात असे पाहावे. एक, वरच्या पट्टीतील संकेतस्थळाचा पत्ता. दुसरी, खालच्या कोपऱ्यातील तारीख व वेळ. कोठून आणि केव्हा, हे ज्यात दिसते ती नक्कल बोलकी होते. याकरिता महत्त्वाच्या कामी प्रथम संपूर्ण पडदा टिपावा. कापलेली प्रत लागलीच तर ती नंतर निराळी करावी आणि मूळ चित्र तसेच ठेवावे.

ठेवण्याच्या जागेविषयी सुरतकरांस अधिक सांगणे नलगे. ऑगस्ट २००६ मध्ये तापीस आलेल्या पुरात शहराचा फार मोठा भाग पाण्याखाली गेला होता. तळमजल्यावरच्या घरांत आणि दुकानांत पाणी शिरले की पेटी, वहीखाते आणि कागद यांची काय गत होते हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांनी एवढेच ध्यानात घ्यावे की लॅपटॉपही पाण्यात कागदाइतकाच दुबळा आहे. म्हणून महत्त्वाच्या नकलेची एक प्रत लॅपटॉपवर, दुसरी बाहेरच्या डिस्कवर किंवा पेनड्राईव्हवर, आणि शक्य तर तिसरी स्वतःच्या ई-मेलमध्ये अथवा ऑनलाईन साठ्यात असावी. एक प्रत घराबाहेर असणे हे खरे रक्षण.

दुसऱ्यास पाठविताना

स्क्रीनशॉटचा मोठा उपयोग म्हणजे मदत मागणे. ‘काहीतरी इंग्रजीत आले आणि गेले’ एवढे फोनवर सांगितल्याने दूर राहणाऱ्या मुलास किंवा भाच्यास काही उमगत नाही. तोच पडदा टिपून धाडला तर दोन मिनिटांत उत्तर मिळते. गुजराती लिपीतील सूचना वाचता येत नसेल तरी शेजारच्या बेनला ते चित्र दाखविता येते.

परंतु जे आपल्यास दिसते ते सर्व दुसऱ्यास दिसावे असे नाही. पाठविण्यापूर्वी चित्र एकदा कडेपासून कडेपर्यंत पाहावे. खातेक्रमांक, शिल्लक, एकदाच वापरावयाचा संकेतांक म्हणजे ओटीपी, जन्मतारीख, आधारचा पूर्ण क्रमांक, क्यूआर चौकोन यांपैकी काही राहिले आहे काय? आधारच्या बाबतीत तर शेवटचे चारच अंक दाखविणारी झाकलेली प्रत मिळण्याची अधिकृत सोय आहे, तीच द्यावी.

झाकण्याचीही रीत आहे. चित्रावर पातळ रंगाची पेन्सिल फिरविली तर उजेड वाढवून खालचे आकडे पुन्हा वाचता येतात. म्हणून गडद, भरीव चौकोनच ठेवावा. २०२३ च्या मार्च महिन्यात असे उघडकीस आले की विंडोज ११ च्या स्निपिंग टूलने कापून पुन्हा त्याच फाईलीत साठविलेल्या चित्रांत कापलेला भाग अंशतः शिल्लक राहत होता आणि जाणकारास तो परत मिळविता येत होता. मायक्रोसॉफ्टने त्याच महिन्यात सुधारणा पाठविली. बोध असा की, यंत्राच्या सुधारणा वेळेवर घ्याव्या. आणि झाकलेल्या चित्राचाच पुन्हा एक स्क्रीनशॉट घेऊन ती दुसरी प्रत पाठवावी, म्हणजे मागे काही उरत नाही.

आणखी एक भेद घरातील सर्वांस समजावून द्यावा. पडद्याची नक्कल पाठविणे वेगळे आणि पडदाच दुसऱ्याच्या ताब्यात देणे वेगळे. बँकेतून बोलतो असे सांगून कोणी अनोळखी माणूस एखादा कार्यक्रम यंत्रावर चढवावयास सांगतो. त्यायोगे आपला सारा पडदा त्यास जिवंत दिसू लागतो, कधी त्याचा हातही आपल्या यंत्रावर चालतो. नकलेत एका क्षणापुरते दिसते. येथे पुढचे सर्व क्षण उघडे होतात. असे कधीही करू नये.

नक्कल पुरावा किती?

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. पुष्कळांची समजूत अशी की स्क्रीनशॉट आहे म्हणजे काम फत्ते. ही समजूत दोन्ही बाजूंनी तपासली पाहिजे.

प्रथम बाजाराचे उदाहरण घ्या. आपल्यापैकी कितीतरी कुटुंबे साडी व कापडाच्या धंद्यात आहेत. गिऱ्हाईक मोबाईल पुढे करून पैसे भरल्याचे चित्र दाखविते आणि माल घेऊन जाते. असे चित्र कोणासही बनविता येते. रक्कम व नाव बदलणे हे मिनिटाचे काम आहे. दिसते तसे नसते म्हणून जग फसते, ही म्हण येथे अक्षरशः लागू पडते. दुसऱ्याच्या पडद्यावरचे चित्र म्हणजे आपल्या खात्यातील जमा नव्हे. आपल्या स्वतःच्या बँकेच्या नोंदीत रक्कम दिसल्यावरच माल सोडावा. यूपीआयच्या प्रत्येक व्यवहारास १२ अंकी संदर्भक्रमांक असतो. तो मागून आपल्या नोंदीशी ताडून पाहावा.

दुसरे उदाहरण जमिनीचे. महाभूलेखवर विनाशुल्क दिसणारा सातबारा हा माहितीपुरता असतो. त्याचा स्क्रीनशॉट भावाभावांत चर्चा करण्यास उपयोगी, पण बँकेत किंवा कचेरीत देण्यास ठरावीक शुल्क भरून डिजिटल स्वाक्षरीचा उताराच घ्यावा लागतो.

तिसरे उदाहरण न्यायालयाचे, आणि ते महाराष्ट्रातीलच आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालना मतदारसंघातून अर्जुन खोतकर २९६ मतांनी विजयी झाले. प्रतिस्पर्धी कैलास गोरंट्याल यांनी उच्च न्यायालयात तक्रार केली की उमेदवारी अर्ज मुदत टळल्यावर स्वीकारला गेला. निर्णय अवलंबून होता तो निवडणूक अधिकाऱ्याच्या कचेरीत झालेल्या चित्रीकरणावर. ते चित्रण मूळ यंत्रातले नव्हते. त्याच्या प्रती न्यायालयापुढे होत्या आणि कायद्याने लागणारे प्रमाणपत्र अधिकाऱ्यांनी मागूनही दिले नव्हते. १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत पुराव्यात द्यावयाची तर प्रमाणपत्र आवश्यकच आहे. मूळ यंत्रच मालकाने हजर करून शाबीत केले तर मात्र ते लागत नाही. ज्याने प्रमाणपत्र मिळविण्याची सर्व खटपट केली त्यास त्या प्रकरणी सूट मिळाली, आणि निवड रद्द ठरविणारा उच्च न्यायालयाचा निकाल कायम राहिला.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मध्येही हीच व्यवस्था आहे. प्रमाणपत्राचे दोन भाग असतात. एक यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याने भरावयाचा, दुसरा तज्ज्ञाने. कोर्टकचेरीचा प्रसंग आल्यास ते काम वकिलांच्या सल्ल्याने करावे. पण आपल्या हातची गोष्ट त्याआधीची आहे. मूळ संभाषण, मूळ ई-मेल, मूळ संदेश पुसू नये. ज्या लॅपटॉपवर चित्र घेतले तो परस्पर विकू अथवा साफ करू नये. मूळ चित्रावर रेघोट्या ओढू नयेत. नक्कल ही मुळाकडे बोट दाखविते. मूळच राहिले नाही तर ते बोट हवेत राहते.

मग नकलेचा उपयोग काय, असे कोणी विचारील. उपयोग मोठा आहे, पण तो वेळेचा आहे. ऑनलाईन पैशांची फसवणूक झाली तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करावा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी. रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात पळविली जाण्यापूर्वी अडविता येणे हे सर्वस्वी त्वरेवर अवलंबून आहे. त्या घाईत संदर्भक्रमांक, रक्कम, तारीख, ठकाचा क्रमांक आणि त्याचे संदेश हे सर्व ज्याच्याजवळ टिपलेले आहे, त्याची तक्रार नेमकी होते. घाबरलेल्या माणसास आठवत नाही. चित्रास सर्व आठवते.

अभ्यासासाठी

वाचून ही विद्या येणार नाही. हात फिरला पाहिजे. म्हणून वाचकांनी पुढील पाच गोष्टी आजच करून पाहाव्या.

१. विंडोजची कळ आणि प्रिंट स्क्रीन दाबून एक चित्र घ्यावे आणि ते कोणत्या फोल्डरात गेले ते स्वतः शोधून काढावे.

२. कोणत्याही पानाचा केवळ एक परिच्छेद दुसऱ्या रीतीने टिपावा.

३. त्या दोन्ही चित्रांस तारीख व विषय असलेले नाव द्यावे.

४. विजेच्या बिलाचे पान पीडीएफ करून साठवावे.

५. बिलाच्या चित्रातील ग्राहकक्रमांक भरीव चौकोनाने झाकून, त्याची नवी नक्कल घरातीलच एखाद्यास पाठवावी आणि झाकलेले वाचता येते काय ते त्यास विचारावे.

घरात ज्यास हे येते त्याने ज्यास येत नाही त्याच्या शेजारी बसावे, मात्र कळ त्यासच दाबू द्यावी. नातवाने आजीच्या हातून लॅपटॉप ओढून घेऊन काम उरकले तर काम होते, शिक्षण होत नाही. आणि ज्या आजीने पूर्वी रॉकेलच्या रांगेत उभे राहून शिधापत्रिकेवरील नोंद स्वतः तपासून घेतली, तिला पडद्यावरचा एक क्रमांक टिपून ठेवणे काय जड आहे? कागदाच्या काळात जी दक्षता तिने पाळली तीच आता पडद्याच्या काळात पाळावयाची आहे. तिच्या पेटीतील पुडक्यास आता या नव्या फोल्डराची जोड मिळावी, एवढेच सांगणे आहे.